ताण कमी होतो, पण वावर विकण्याइतका?

नमस्कार भाऊ,

"रोबोट काय अन् ओपन काय, शेवटी सारखंच, असं सांगून तुम्ही खेड्यातल्या माणसाला स्वस्तातल्या ऑपरेशनकडे ढकलता. रोबोटनं शरीरावर ताण कमी पडतो हे रक्ताच्या रिपोर्टात दिसतं, ते का लपवता?" असं तुम्ही लिहिलंत. काकांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी घरी दोन एकर वावर विकायची बोलणी सुरू आहेत, हेही लिहिलंत. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

ताणाचं तुमचं म्हणणं खरं आहे. शरीराला इजा झाली की रक्तात वाढणारी काही प्रथिनं असतात. ऑपरेशननंतर काही तासांतच त्यातलं इंटरल्यूकिन-६ वाढतं, मागोमाग सीआरपी चढतं आणि दोन-तीन दिवसांनी उतरायला लागतं. काटछाट जितकी जास्त तितके हे आकडे वर. ओपनमध्ये बेंबीखालून सरळ चीर देतात, रोबोटमध्ये पाच-सहा छोटी छिद्रं. रक्तही कमी जातं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ओपनमध्ये सरासरी १३३८ मिली रक्त गेलं, रोबोटमध्ये ४४४.

पण रोबोटचाही एक ताण असतो, तो कोणी सांगत नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पेशंटला डोकं खाली, पाय वर असं तासन् तास ठेवतात. बाहेर आणतात तेव्हा पापण्या सुजलेल्या, चेहरा फुगलेला. घरचे घाबरून जातात. सूज उतरते. मात्र जन्मभर विडी ओढलेली छाती, अधू हृदय किंवा काचबिंदू असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगायला हवं.

आता वावराचं. त्याच अभ्यासात ३२६ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंध, दोन्हींत १२ आठवड्यांनी लक्षणीय फरक नव्हता, दोन वर्षांनीही नव्हता. एक गोष्ट इथे लक्षात घ्या. ओपन करणाऱ्या सर्जनच्या हाताखालून आधी दीड हजारावर ऑपरेशनं गेली होती, रोबोटवाल्याच्या दोनशे. एवढ्या अनुभवाचा ओपन सर्जन नसेल तर निकाल तसाच येईल असं मी म्हणणार नाही. म्हणूनच मशीनच्या आधी सर्जनचा अनुभव विचारा, असं मी सांगत असतो.

लघवीची नळी दोन्हींत साधारण आठवडा-दोन आठवडे राहते. भरलेला फवारणी पंप पाठीवर घ्यायला दोन्हींत महिना-दीड महिना तरी थांबावंच लागतं. रोबोटनं वाचतात ते पहिले काही दिवस: दुखणं कमी, दवाखान्यातला मुक्काम कमी. ऐपत असेल तर जरूर करा. त्यासाठी वावर विकू नका, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगतो.

नागपूर किंवा सेवाग्रामला दाखवा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथेच विचारा. आणि त्याआधी काकांच्या बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टावरचा ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, आणि रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण, मला कळवा. हळू वाढणारा कॅन्सर असेल तर लगेच ऑपरेशन न करता नियमित तपासणीवर ठेवणं हाही एक मान्य उपचार आहे. तसं असेल तर रोबोट की ओपन, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवता येईल.