दिवाळी कोरडी असेल तर व्यंगचित्र पाहा

यंदा बोनस झाला नसेल तर घाबरू नका. सकाळचा पेपर उघडा, दिवाळी तिथं छापून आलेली असते. डावीकडं ठिगळाच्या बनियनमधला गृहस्थ, हातात रिकामी पिशवी. उजवीकडं लक्ष्मीची पावलं, त्याच्या दारापर्यंत येऊन सराफाच्या दुकानाकडं वळलेली. हसा. एकदा हसून झालं की खरेदीची गरज उरत नाही, आणि नाशकात रविवार कारंजावर गाडी लावायला जागा शोधायचा ताप वाचतो.

चित्र ओळखीचं वाटलं तर कुरकुर नको. गेल्या वर्षीही हेच होतं, तेलाच्या डब्यावरचा आकडा तेवढा बदललाय. महागाई तीच, मग चित्रकारानं रोज नवं कुठून आणायचं?

पैशांची चणचण म्हणाल, तर नोटा आपल्याच नाशिकरोडला छापतात, 1928 पासून. कारखाना गावात, माल बाहेरगावी. कांद्याचं तरी दुसरं काय आहे!

कांद्याचं चित्र आलं की मात्र एक पथ्य पाळा. भाव चढले की पेपरात कांदा तिजोरीत जातो, बाहेर बंदूकवाला पहारेकरी. 1998 साली कांद्यानं दिल्ली राज्यातलं सरकार घालवल्यापासून त्याचा हा मानपान ठरलेला. खुशाल हसा, पण निफाडचा मेहुणा घरात नाही ना, ते आधी बघा. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, तेव्हा त्याचा लाल कांदा ट्रॉलीत भरलेला होता. लासलगावला भाव कोसळले, लिलाव बंद पडले. ‘तेव्हा तुमचा तो पहारेकरी रजेवर होता का हो, दाजी?’ असं तो विचारतो. याला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका, चहा टाकायला सांगा. भाऊबीजेला त्यानं ओवाळणीत अर्धी गोणी कांदा ठेवला आणि बहिणीला म्हणाला, ‘तिजोरीत ठेव गं, ताई.’ (आम्ही गॅलरीत ठेवला.)

आता राहिला पेपर. रद्दीत घालायची घाई करू नका. आमच्याकडं यंदा चकल्या झाल्या, अर्ध्या किलो भाजणीच्या, आणि तेल टिपायला नेमकं तेच पान खाली आलं. मागच्या पानावरच्या मंत्र्यांचा चेहरा पार आरपार दिसायला लागला. गृहस्थाच्या पिशवीवर मात्र एक तुटकी चकली पडली होती. तीही मुलानं उचलली.