मला साक्षीला बोलावू नका

माझा मामेभाऊ सांगलीला डॉक्टर आहे. त्याचा मुलगा यंदा बारावीला, नीटच्या तयारीत. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर विषय पेटला. बारावीच्या केमिस्ट्रीतलं ऑरगॅनिक निम्म्यावर आणा, मुलांकडून नुसती घोकंपट्टी करून घेतात, डॉक्टर झाल्यावर सँडमायर रिअॅक्शन कुणाला लागते, वगैरे. इथवर मी गप्प होते. पण शेवटी भावानं लिहिलं, "ताई, तू तिथे कॉलेजात हेच शिकवतेस. तिकडे पाठ करत नाहीत, समजून घेतात, हे तूच सांग यांना." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

मी ते सांगणार नाही, कारण ते खरं नाही.

अमेरिकेत, ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात मी ऑरगॅनिकचे लॅब आणि रेसिटेशन, म्हणजे प्रश्न सोडवून घेण्याचे छोटे वर्ग, घेते. वर्गातल्या बहुतेकांना मेडिकलला जायचं असतं आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ऑरगॅनिकची दोन सेमिस्टर पार करावी लागतात. ऑगस्टमध्ये भरलेला वर्ग पहिल्या मिडटर्मनंतर विरळ होतो. मिडटर्मच्या आदल्या रात्री लायब्ररीत ही मुलं काय करत असतात? फोनवर अँकी या पाठांतराच्या ॲपची कार्डं उलटत असतात. पुढे अभिकर्मक, मागे उत्पादित. सांगलीत आम्ही वहीच्या मागच्या पानांवर जे करायचो तेच, फक्त पडद्यावर. वर्षाच्या शेवटी बऱ्याच विद्यापीठांत अमेरिकन केमिकल सोसायटीची तयार प्रश्नपत्रिका देतात. 110 मिनिटं, 70 प्रश्न आणि सगळे बहुपर्यायी.

आणि समजून शिकवायचा हट्ट धरला की इथे काय होतं, तेही भावानं वाचावं. मेटलंड जोन्स हे प्रिन्स्टनचे नावाजलेले प्राध्यापक. ऑरगॅनिकच्या जाडजूड पाठ्यपुस्तकाचे लेखक. पाठांतर कमी आणि प्रश्न सोडवणं जास्त, हीच त्यांच्या शिकवण्याची ख्याती. निवृत्तीनंतर ते न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले. 2022 साली त्यांच्या वर्गातल्या 350पैकी 82 मुलांनी विद्यापीठाकडे तक्रार केली: विषय फार अवघड करतात, मार्क कमी देतात. विद्यापीठानं 84 वर्षांच्या या माणसाचा करार संपवला. कोरोनानंतरची मुलं, त्यांचे हाल, सगळं मला मान्य आहे, मी तीच मुलं शिकवली आहेत. पण "तिकडे समजून घेतात" या वाक्यावर अंगठा उमटवण्याआधी हे माहीत हवं.

आता पाठांतराबद्दल. मागच्या मिडटर्ममध्ये बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोन, सोबत सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड, काय तयार होईल, असा प्रश्न होता. पेपर मिळाल्यावर एक मुलगी ऑफिस अवर्सना आली. हुशार, कष्टाळू. इलेक्ट्रोफाइल म्हणजे काय, कार्बॅनायन (ऋणभार असलेला कार्बन) स्थिर का होतो, यावर ती सुंदर बोलते. कागदावर मात्र तिनं बेंझाल्डिहाइडचाच हायड्रोजन काढला होता, आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा बाण त्या हायड्रोजनपासून निघून हायड्रॉक्साइडकडे गेला होता. मी विचारलं, इलेक्ट्रॉनची जोडी कुणाकडे आहे? तिनं ऑक्सिजनवर बोट ठेवलं. मग बाण तिथून निघायला हवा. तिनं खोडून बाण उलटा केला, आणि तरीही त्याच हायड्रोजनवर नेऊन टेकवला. कार्बोनिल गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन, म्हणजे अल्फा हायड्रोजन, बेंझाल्डिहाइडला नाहीच, म्हणून इथे ॲसिटोनचा जाईल, हे तिला दिसेना. दिसणार कसं? "अल्फा हायड्रोजन असेल तर आल्डॉल, नसेल तर तीव्र अल्कलीत कॅनिझारो" ही दोन अभिक्रियांची ओळ आमच्या सरांनी बारावीत इतक्या वेळा म्हणून घेतली होती की बेंझाल्डिहाइडचा रेणू समोर आला की मला आधी ती ऐकू येते. आणि त्यामागचं कारण बी.एस्सी.ला कळलं तेव्हा ते बसायला डोक्यात जागा तयार होती. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाला अपूर्णांक शिकवायला वेळ लागत नाही, तसंच हे. त्या मुलीकडे समज होती, पण ती समज लावायची कशाला, याचा साठा नव्हता.

म्हणून आपल्याकडच्या पाठांतराला कुणी नावं ठेवली की मी चिडते. ज्या विद्येला आज घोकंपट्टी म्हणून हिणवलं जातं, तिच्याच जोरावर मुंबईची यूडीसीटी (मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. या दोन्ही संस्थांचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही अभिक्रिया जगभरच्या पुस्तकांत त्यांच्या नावानं आहे. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ती येत नाही, तरी मी दर सेमिस्टरला वर्गात सांगते आणि नाव फळ्यावर पूर्ण लिहिते.

पण भाऊ, तुझ्या मुलाचंही खरं आहे, आणि ते मला त्याच्याकडूनच कळलं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला झूमवर मार्कोव्हनिकॉव्हचा नियम शिकवत होते. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड, ज्या कार्बनकडे जास्त हायड्रोजन त्यालाच आणखी एक मिळतो. का, तर मधल्या कार्बनवरचा धनभार जास्त टिकतो. मी चित्र काढायला घेतलं तर पोरगं म्हणालं, "आत्या, कारण नको. पेरॉक्साइड असलं की उलटं, एवढं लक्षात आहे. पुढचं घे." तो उद्धट मुळीच नाही. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न, त्यांतले 45 केमिस्ट्रीचे. प्रश्नामागे एक मिनिट. वीस लाखांहून जास्त मुलं रांगेत. त्या मिनिटात कारण शोधणारा मागे पडतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पेरॉक्साइड टाकल्यावर मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले कण) तयार होतात, ब्रोमीन आधी जोडला जातो, म्हणून दिशा फिरते, हे एकदा पटलं की दोन नियम पाठ करावे लागत नाहीत. पण पटायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती त्याला कुणी देत नाही. पाठांतर वाईट नाही. पाठांतरानंतर येणारा दुसरा प्रश्न आपण काढून टाकलाय, ते वाईट आहे. अभ्यासक्रम निम्मा केला तरी उरलेला निम्मा तो असाच घोकेल.

आणि प्रयोगशाळा? बारावीच्या केमिस्ट्रीला 70 मार्कांची लेखी आणि 30 मार्कांचं प्रॅक्टिकल. किती ठिकाणी मुलं दोन वर्षं क्लासलाच जातात, कॉलेजचं तोंड फक्त परीक्षेला पाहतात आणि तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस मार्क घेऊन येतात, हे सांगलीत काय नि लातुरात काय, सगळ्यांना माहीत आहे. याबद्दल ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

आम्हाला बी.एस्सी.ला लॅसेनची टेस्ट होती, पदार्थात नायट्रोजनसारखी मूलद्रव्यं आहेत का ते ओळखायची. केरोसिनमधून सोडियमचा तुकडा चिमट्यानं काढायचा, टिपकागदावर कोरडा करायचा, इग्निशन ट्यूबमध्ये पदार्थासोबत घालून बर्नरवर धरायचा. नळी लालबुंद झाली की चिनी मातीच्या बशीतल्या पाण्यात खुपसायची आणि पटकन वर जाळी झाकायची. फट् करून नळी फुटायची. मग उकळायचं, गाळायचं, ताजं फेरस सल्फेट घालायचं, आम्ल टाकायचं. निळा रंग आला की नायट्रोजन आहे. एक्स्टर्नल परीक्षक समोर उभे असताना तो निळा रंग दिसला की जो जीव भांड्यात पडायचा, तो इथल्या माझ्या मुलांना कधी कळणार नाही. त्यांना सोडियमला हातच लावू देत नाहीत. त्यांचा नमुना यंत्रात जातो आणि रेणूची रचना सांगणारा एनएमआरचा आलेख इनबॉक्समध्ये येतो.

तो आलेख मात्र मला हवा होता. मला एम.एस्सी.पर्यंत तो फक्त पुस्तकात छापलेला दिसला. इथे एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतः बनवलेल्या पदार्थाचा आलेख मिळतो आणि तो न वाचता विचारतो, यातलं परीक्षेला किती येईल. तेव्हा मला सांगलीतल्या माझ्या वर्गमैत्रिणी आठवतात, ज्यांना तो वाचता आला असता.

भावाचं वाक्य मला इतकं का लागलं, याचा मी आठवडाभर विचार केला. "तिकडे" म्हणताना तो मला तिकडची धरतो. सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थी माझं मूल्यमापन करतात, त्यात माझ्या उच्चारांबद्दल एखादी ओळ असतेच. या गावात मला आदरानं उभं राहता येतं ते फळ्यासमोर, आणि फळ्यासमोर मी जे करते ते सगळं सांगलीच्या त्या बाकावर शिकलेलं आहे. ते टाकाऊ होतं असं माझ्याच घरच्यांनी म्हणायचं आणि वर मला साक्षीला बोलवायचं, हे मला सहन होत नाही. मी देश सोडला, ते शिक्षण सोडलेलं नाही.

डिसेंबरात फायनल्सचे पेपर तपासून झाले की मी येतेय. पोराला रोज सकाळी दोन तास माझ्याकडे पाठव, क्लास बुडाला तरी चालेल. आणि त्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांची वेळ घेऊन ठेव. प्रॅक्टिकल घ्यायला माणूस नाही असं ते म्हणाले, तर आहे तितके दिवस मी बिनपगारी घेईन. सोडियमची बाटली मात्र त्यांना मागवावी लागेल.