‘स्वातंत्र्य हवं होतं, मग फ्रान्समध्ये कशाला आलात?’

फ्रान्समधल्या अल्जेरियनांबद्दल एक दावा सतत फिरत असतो. यांनी १९६२ साली फ्रान्सशी भांडून स्वातंत्र्य घेतलं, मग पैशासाठी स्वखुशीने फ्रान्स गाठलं. पटत नसेल तर परत जावं. आणि त्यांच्या कहाण्या म्हणजे नुसतं रडगाणं.

यातला ‘मग’ साफ चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धातच फ्रान्सने अल्जेरियातून हजारो मजूर नेले होते. स्वातंत्र्ययुद्ध पेटलं १९५४ साली, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत फ्रान्समध्ये दोन लाखांवर अल्जेरियन होते.

‘स्वखुशीने’ म्हणणाऱ्यांनी जमिनीचा इतिहास पाहावा. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या १८७१च्या उठावानंतर कबाइली मुलखात, म्हणजे उत्तर अल्जेरियातल्या डोंगराळ भागात, जमिनी जप्त झाल्या. १८७३च्या कायद्याने सामाईक जमिनींचे तुकडे पडले आणि त्या विकत घेणं वसाहतवाल्यांना सोपं झालं. पुढे स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच सैन्याने सुमारे वीस लाख खेडुतांना घरांतून उठवून छावण्यांत कोंबलं. शेतीच मोडलेल्या घरातला पोरगा कारखान्याकडे वळला, तर त्याच्यापुढे दुसरी वाट कोणती होती?

‘परत जा’चं म्हणाल, तर लोक जातच होते. एक भाऊ परतायचा, दुसरा यायचा. १९७४च्या जुलैत फ्रान्सने नव्या कामगारांना दार बंद केलं. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर माणसं थांबली, बायकामुलांना बोलावून घेऊ लागली.

रडगाण्याचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. समाजशास्त्रज्ञ अब्देलमालेक सायाद स्वतः कबाइली मुलखातले. त्यांनी या माणसांच्या जीवनकहाण्या नोंदवल्या, त्यात लोकांनी एकमेकांपासून लपवलेलंही आलं. सुट्टीवर गावी आलेला माणूस चांगले कपडे घालून, भेटवस्तू घेऊन यायचा. फ्रान्समधल्या कोंदट खोलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ते पाहून गावातला पुढचा तरुण निघायचा, आणि तिथे पोचल्यावर त्याला खरं कळायचं. मग तोही गावी गप्प बसायचा. रडगाणं गाणारी माणसं अशी वागत नाहीत. पत्रातही मोकळेपणा नव्हता, कारण अनेकांना लिहिता येत नव्हतं आणि लिहून देणाऱ्यासमोर घरचं दुखणं कोण उघडं करणार? पुढे कॅसेट आल्या. निरोप स्वतःच्या आवाजात, मध्ये कुणी न येता जाऊ लागला. या बदलाचाही सायाद यांनी अभ्यास केला.