मॉक ड्रिल रात्री तीनला घ्या, मग बोलू

एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, सगळ्या सिस्टर्सना एक सरळ प्रश्न. आत्ता लाईट गेली, जनरेटर उचलत नाहीये आणि एका कोपऱ्यातून धूर यायला लागला, तर पहिलं बाळ कुठलं उचलाल? विचार करायला लागलात ना, मग झालंच.

मोठ्या माणसांच्या वॉर्डात निदान "आजोबा उठा, जिन्याकडे चला" असं ओरडता तरी येतं. इथे कुणी चालत नाही, कुणी हाक मारत नाही. बाळ वॉर्मरवरून (ऊब देणाऱ्या पाळण्यावरून) उचललं की गार पडायला लागतं, श्वासाची ट्यूब जरा ओढली गेली की निसटते, वर लाईन, पंप, मॉनिटरच्या वायरी, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत आग किती भराभर पसरते ते सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळं गेली, ७ वाचवता आली. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीला पुन्हा तेच. भंडाऱ्याच्या प्रकरणात दोन नर्सवर गुन्हाही दाखल झाला. चौकशी व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही, पण असं काही घडलं की "नर्स कुठे होती" हे सगळे विचारतात, नर्सला कुणी कधी काय शिकवलं होतं हे मात्र कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि शिकवलं की जमतं हो! २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन हॉस्पिटलचे जनरेटर बंद पडले, तेव्हा २० बाळं नवव्या मजल्यावरून जिन्याने खाली आणली, अंधारात, टॉर्च धरून, काहींना तर प्रत्येक पायरीला अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्याने) श्वास देत देत. सगळी सुखरूप दुसऱ्या हॉस्पिटलांत पोचली. हे काय त्या रात्री कुणाला अचानक सुचलं असेल का?

आपल्याकडचं ड्रिल म्हणजे सकाळी अकरा वाजता, सगळा स्टाफ हजर, आधीच सर्क्युलर आलेलं, फायर एक्स्टिंग्विशर हातात घेऊन फोटो, रजिस्टरवर सह्या, चहा. बाहुलीसुद्धा कुणी उचलून जिना उतरत नाही. खरा प्रसंग आला की ड्युटीवर दोन सिस्टर, एक मावशी आणि बाळं डझनभर. ड्रिल घ्यायचंच तर त्या वेळी, तेवढ्याच माणसांत, न सांगता घ्या. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायचा हे कोण ठरवणार ते विचारा, कारण तो बंद केला की आतल्या बाळांचा श्वास तुमच्या हातातल्या बॅगवर आणि सिलेंडरवर येतो. मिनिटाला ४० ते ६० वेळा बॅग दाबत जिना उतरून बघा एकदा, हात भरून येतो आणि लय पार बिघडते. आगीला सगळ्यात जवळचं बाळ आधी, मग जे पटकन हलवता येतं ते, व्हेंटिलेटरवरचं त्यानंतर, हे ऐकायला फार निर्दयी वाटतं, म्हणूनच ते शांत डोक्याने आधी ठरवून ठेवायचं असतं, एकट्या नाईटच्या सिस्टरवर टाकायचं नसतं.

बाकी गोष्टी तशा साध्या आहेत. पायातला टॅग पक्का हवा, नाहीतर बाहेर काढलेलं बाळ कुणाचं यावर आणखी एक गोंधळ. वजन, औषधांचे डोस, फीड हे एका कागदावर बाळासोबतच हवं, कॉम्प्युटर तेव्हा कामाचा नसतो. स्थिर असलेलं बाळ कुणाच्या तरी छातीशी उघड्या अंगाला लावलं की ऊब टिकते, ते काम आईला, बाबांना कुणालाही देता येतं.

आणि तो खिशांचा एप्रन, ज्यात एक सिस्टर तीन-चार बाळं एकदम घेऊन निघू शकते! काही ठिकाणी घेतलेला असतो बरं का. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या रजिस्टरला, नोंद, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात, आणि हरवला तर भरून द्यावा लागेल म्हणून कपाटाला कुलूप. चावी इन्चार्ज सिस्टरकडे, आणि इन्चार्ज सिस्टर संध्याकाळी घरी जातात. तुमच्याकडे ती चावी रात्री कुठे असते?