ढेरे ‘समन्वय’ म्हणतात, मग बिरोबा गेला कुठं?

“रा. चिं. ढेरे मोठे संशोधक, मान्य,” अप्पा म्हणाले. “पण त्यांच्या पुस्तकाचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे नावच मला पटत नाही; म्हणे सगळ्या परंपरा विठ्ठलात एक झाल्या. विठोबा गवळी-धनगरांचा देव. पट्टणकोडोलीला आजबी विठ्ठल-बिरदेव जोडीनं हायेत. मग पंढरपुरात हा बिरदेव, आम्हा धनगरांचा बिरोबा, कामून दिसत नाही?”

“अहो, पण ही जोडी वाचकांपुढं आणली कुणी? ढेऱ्यांनीच ना?” गुरुजी म्हणाले.

पैठणच्या कट्ट्यावरचा हा वाद लांबला, कारण दोघांनीही पुस्तक नीट वाचलेलं. १९८७ साली त्याला साहित्य अकादमी मिळाली, त्याहून मोलाची त्यातली रीत. संस्कृत पांडुरंगमाहात्म्यं, म्हणजे देवाची थोरवी सांगणाऱ्या पोथ्या, धनगरांच्या कथा-गाण्यांशी ताडायची, मग मूर्ती, शिलालेख, गावांची नावं तपासायची. नुसत्या माहात्म्यावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली; माहात्म्यकार देवाला पुराणात बसवतो अन् त्याचं रानातलं मूळ झाकतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या विठ्ठलमूर्तीवरून तर आवाज चढले. स्कंदपुराणाच्या नावावर असलेल्या स्कांद माहात्म्यात देवाच्या छातीवर मंत्राक्षरं सांगितलीत. पंढरपूरच्या मूर्तीवर ती नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर आहेत. म्हणून ढेऱ्यांनी माढ्याची मूर्ती आद्य मानली, अन् लोक खवळले.

“माहात्म्य वाचूनच कुणी मागाहून ती मूर्ती घडवली असंल तर?” अप्पांनी विचारलं.

शंका रास्त होती. गुरुजींनीही ती उडवून लावली नाही. अक्षरांचं वळण अन् मूर्तीची घडण, दोन्हींचा काळ वेगवेगळा तपासल्याशिवाय हे सुटायचं नाही, एवढं ते म्हणाले.

इतका वेळ गप्प बसलेले चाचा मग बोलले. “पंढरपूर दूर ऱ्हायलं, पैठणचं बोला. नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, त्यांचे गुरू चांद बोधले. ढेऱ्यांनी बोधल्यांना सूफी परंपरेत ठेवलं. ‘योगसंग्राम’कार शेख महंमद आपल्या आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे, त्यांचेही गुरू चांद बोधलेच. ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक काढून ढेऱ्यांनी ही माणसं मराठी वाङ्मयात हक्कानं बसवली. इथं तरी समन्वय म्हणाल का नाही?”

“इथं म्हणतो,” अप्पा लगेच म्हणाले. “इथं गुरूचं नाव शिल्लक हाय, कुणी पुसलं नाही. बिरोबाचं तसं झालं नाही. माझं भांडण तेवढंच हाय.”

गुरुजींनी यावर मान हलवली, पण शीर्षक बदलायला ते काही तयार झाले नाहीत.