बॅरल बदलायच्या आधी स्क्रू आवळ रे भावा

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. एअर रायफलचा नेम लागत नसेल तर बॅरल बदला, लांब आणि इम्पोर्टेड टाका, आतून पॉलिश मारा, ग्रुप, म्हणजे कागदावर भोकांचा पसारा, निम्म्यावर येतो, खाली आधी-नंतरचा फोटो. आमच्या वरळीच्या रेंजवर येणारी दोन पोरं पैसे जमवायला लागली म्हणून लिहितोय.

पहिलं, लांब बॅरल म्हणजे पक्का नेम. पीसीपीत, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या गनमध्ये, लांबीने वेग वाढतो, मान्य. स्प्रिंगवाल्या गनमध्ये मात्र पिस्टनने दाबलेली हवा असते किती, पहिल्या आठ-दहा इंचातच छर्रा जवळपास सगळा वेग घेऊन मोकळा होतो, पुढे नुसता घासत जातो. आणि वेग वाढला म्हणून नेम बसतो हे कोणी सांगितलं? 10 मीटरच्या मॅच रायफलीचा वेग सेकंदाला साधारण 170-175 मीटर, आणि तिथे दहाची रिंग, म्हणजे टार्गेटच्या मधला ठिपका, अर्ध्या मिलिमीटरची, छर्रा स्वतः साडेचारचा! त्या रायफली लांब दिसतात ना, त्यात बऱ्याचदा पुढचा तुकडा नुसती पोकळ नळी असते, पुढची साइट डोळ्यापासून लांब जावी म्हणून.

दुसरं, इम्पोर्टेड बॅरल. चांगलं बॅरल चांगलंच, वाद नाही. पण आपल्याकडे बहुतेकांकडे असते मोडून लोड करायची गन, तिथे स्कोप मागे बॉडीवर आणि बॅरल बिजागरीवर, बिजागरी ढिली असेल तर बॅरल दरवेळी केसभर वेगळ्या जागी बसणार, मग ते जर्मनीचं असो की गल्लीतलं. शिवाय स्प्रिंगर दोनदा झटका देतो, पिस्टन पुढे सुटला की गन मागे, पिस्टन आपटला की गन पुढे, आणि हे होत असताना छर्रा अजून बॅरलमध्येच! म्हणून गन आवळायची नाही, हलकी, दर शॉटला तशीच धरायची. माझा ग्रुप एकदा असाच फुटायला लागला होता, महिनाभर बॅरलला शिव्या घातल्या, निघाले काय तर स्टॉकचे, म्हणजे गनच्या दस्त्याचे, पुढचे दोन स्क्रू ढिले.

पॉलिशचं तर ऐकूच नका. ग्रूव्हच्या, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या, कडा बोथट होतात, आणि काही बॅरल तोंडाशी मुद्दाम किंचित अरुंद ठेवलेले असतात तो चोक जातो. शिसं साचलं असेल तर फेल्ट किंवा कापडाचा तुकडा ओढा, बस.

बॅरलचा दोष कधीच नसतो असं नाही म्हणत मी. तोंडाच्या कडेला टोचा पडला असेल किंवा आत गंज खाल्ला असेल तर बदलाच. मुंबईत गंज तर येणारच, जुलैत फोमच्या कव्हरमध्ये गन कोंडून गणपतीत बाहेर काढणारे मी पाहिलेत.

पण त्याआधी छर्रे. एकाच ब्रँडच्या डब्या 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापात मिळतात आणि मॅचवाले रायफल शिकंजात धरून बॅच निवडतात, उगाच नाही.

आता तो फोटो नीट बघा. जुन्या बॅरलच्या कागदावर फाटकी, केसाळ भोकं, म्हणजे गोल डोक्याचा छर्रा. नव्याच्या कागदावर पंच मारल्यासारखी स्वच्छ भोकं, म्हणजे चपट्या डोक्याचा. साहेबांनी बॅरलबरोबर डबीपण बदललीये.