पुस्तकाचा कणा आणि आचाऱ्यांचे आचार्य

जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. हातात शाळेची यादी घेतलेले पालक, खांद्यावर वह्यांचे गठ्ठे घेतलेले हमाल आणि मधून वाट काढणाऱ्या स्कूटी. आमचा कट्टा आतल्या बोळात आहे. कायम बंद असलेल्या एका दुकानाच्या तीन पायऱ्या, समोर अमृततुल्य, बस्स. शनिवारी सातनंतर आम्ही पाचजण तिथे असतो. त्या दिवशी विषय सुध्याने काढला.

सुध्याची प्रकाशन संस्था वडिलांच्या वेळेपासूनची, छोटीशी. तीसेक पुस्तकं अशी आहेत की आवृत्ती संपून वर्षं झाली, महिन्याला एखादा वाचक विचारतो, आणि एका वाचकासाठी पाचशे प्रती कोण काढणार? म्हणून त्याने ई-बुकं करायची ठरवली होती. करून देणाऱ्याने पानामागे दर सांगितला आणि सुध्याचा चेहरा उतरला.

"वेबसाइटवर टाक की सरळ," मक्या म्हणाला. मक्या हिंजवडीला असतो, वेबचंच काम करतो. "नाहीतरी ई-बुक म्हणजे वेबसाइटच असते. पिशवीत भरलेली."

"काहीही बोलू नकोस. ई-बुक विकत घेतात लोक. वेबसाइट फुकट वाचतात."

"थांब, दाखवतोच."

मक्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. सुध्याच्याच एका कथासंग्रहाची ईपब फाइल, म्हणजे ई-बुकं ज्या साच्यात बनवतात ती, त्याच्याकडे होती, कुलूप न लावलेली, म्हणजे कॉपी करायला अडवणूक नसलेली. नावाच्या शेवटचं 'ईपब' खोडून त्याने 'झिप' लिहिलं आणि फाइल उघडली. आत सरळ फोल्डर. पहिलीच फाइल एका ओळीची, 'मी ईपब आहे' एवढंच सांगणारी. मग एका फोल्डरमध्ये चित्रं, एकात फॉन्ट, अक्षरांचे आकार नि समास ठरवणारी सीएसएसची फाइल, आणि प्रत्येक कथेची वेगळी एक्सएचटीएमएल, म्हणजे वेबपानाचीच, फाइल. त्यातल्या एकीवर त्याने टिचकी मारली तर कथा ब्राउझरमध्ये उघडली. इंटरनेट बंद होतं तरी.

सुध्या बघतच राहिला. स्वतःचं पुस्तक असं उघडं पडलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे लोक पिशवीचे पैसे देतात," मी म्हणालो. माझा धंदा कागदाचा, त्यामुळे या विषयात माझं मत आधीच बाद धरतात. तरी बोलतो.

"आणि ही कुठली?" आप्पांनी एका फाइलवर बोट ठेवलं. आप्पा म्हणजे आमच्यातले वडीलधारे. चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलं, अजूनही चहाच्या टपरीवरचा फलक वाचताना ऱ्हस्व-दीर्घावर अडखळतात.

"ती ओपीएफ. त्यात दोन याद्या असतात, आप्पा. एक म्हणजे पिशवीत काय काय आहे त्याची. दुसरी म्हणजे ते कुठल्या क्रमाने वाचायचं त्याची. या दुसरीला स्पाइन म्हणतात."

"स्पाइन म्हणजे कणा. पुस्तक कपाटात उभं ठेवलं की दिसतो तो."

"तोच शब्द उचललाय."

"मग तुझ्या वेबसाइटला कणा असतो?"

मक्या गप्प. मला वाटतं, त्या संध्याकाळचा खरा मुद्दा हाच होता, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत आप्पांनी सहज टाकून दिला. वेबवर पानं असतात, दुवे असतात. कुठूनही शिरा, कुठूनही बाहेर पडा. इथून सुरू, असं पुढे, इथे संपलं, हे सांगणारं काही वेबच्या घडणीत नाही. ईपबमध्ये बाकी सगळा माल वेबचा आहे, पुस्तकाची म्हणून आहे ती ही एक यादी.

मक्याने मग इतिहास सांगितला. ईपबचे नियम आधी इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरम ठरवायचा. 2007 मध्ये ईपब 2 आलं, 2011 मध्ये ईपब 3. आणि 2017 च्या सुरुवातीला तो फोरमच वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीत विलीन झाला. तिथे हेतू मोठा होता. पिशवीच नको, पुस्तक थेट वेबवर राहील, ब्राउझरलाच कळेल की हे पुस्तक आहे, ते घरी न्या म्हटलं तर नेता येईल.

"मग झालं का तसं?" वैशालीने विचारलं.

"नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांना त्यात रस नव्हता. शेवटी 2020 मध्ये त्यातून ऑडिओबुकांपुरते नियम बाहेर पडले. आणि 2023 च्या मे महिन्यात डब्ल्यूथ्रीसीने ईपब 3.3 ला मान्यता दिली. पिशवी शाबूत."

"लग्न झालं, पण चुली वेगळ्या," आप्पा.

सुध्याला इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. त्याचं दुखणं वेगळं. त्याचं एक बऱ्यापैकी चाललेलं पुस्तक कोणीतरी स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलंय. लेखिकेच्या मैत्रिणीने लेखिकेलाच ते पाठवलं, 'छान आहे, वाच' म्हणून. "कुठल्याही पुस्तकाची जाहिरात टाका, खाली पहिली प्रतिक्रिया काय? पीडीएफ मिळेल का! आणि तू मला वेबवर उघडं टाकायला सांगतोस. मी कुलूप लावूनच विकणार."

"कुलपाची किल्ली कोणाकडे असते पण?" मक्या पेटला. "2009 ला अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून पुस्तकं काढून घेतली होती, पैसे परत करून. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरं. पण पुस्तक कुठलं, तर ऑर्वेलचं '1984'! मग मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये पुस्तकांचं दुकानच बंद केलं. घेतलेली सगळी पुस्तकं गायब. पैसे परत दिले, आणि ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना वर 25 डॉलर."

"टिपणांचे 25 डॉलर," आप्पा पुटपुटले. त्यांच्या घरी समासात पेन्सिलीने भरलेली दोन कपाटं आहेत. हिशेब चालला असावा.

"उद्या तुझी वेबसाइट बंद पडली तर?" सुध्याने फिरवून मारलं. "डोमेनचे पैसे भरायचे राहिले की पुस्तक गेलं. माझ्या वडिलांनी छापलेलं पुस्तक अजून ग्रंथालयात आहे. त्यासाठी आम्ही दर वर्षी पैसे भरत नाही."

इथे मक्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझं मत विचाराल तर असायलाही नको. दुकानाच्या कुलपात अडकलेलं पुस्तक आणि वेबवर उघडं ठेवलेलं पुस्तक, दोन्ही दुसऱ्याच्या जागेत भाड्याने राहतात. कुलूप नसलेली ईपब फाइल तेवढी वाचकाच्या मालकीची. ती दुसऱ्याला देता येते म्हणून सुध्याला नको, आणि दुसऱ्याला देता येणं हाच तर पुस्तकाचा जुना गुण. सुध्या स्वतः ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं वाचून मोठा झाला.

कराची गोष्टही मीच काढली, कारण जीएसटी माझ्या रोजच्या जेवणात आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-बुकाला 18 टक्के होता, तो 2018 च्या जुलैत 5 झाला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्यालाच. म्हणजे सरकारदरबारी ई-बुक हे पुस्तक ठरतं ते कागदाच्या पुण्याईवर. कागदवाल्याला याचा किती आनंद होतो ते सांगायला नको. कोणी दाद दिली नाही.

मला वाटलं होतं, छापल्यावर बदलता येणं या मुद्द्यावर आप्पा वेबच्या विरोधात जातील. झालं उलटंच.

"मला विचाराल तर वेबवर टाका," ते म्हणाले. "माझ्या हातून सुटलेली प्रत्येक चूक मला पाठ आहे. पुस्तक, पान, ओळ. शुद्धिपत्र लावायचो आम्ही, शेवटी, बारीक टाइपात. कोण बघतं? वाचक चूक वाचतो, शुद्धिपत्र वाचत नाही. रात्रीत दुरुस्त करता येत असेल तर चाळीस वर्षांची झोप परत मिळेल मला."

"आणि समीक्षकाने पान 84 वरचं वाक्य उद्धृत केलं, तुम्ही ते बदललंत, मग खोटा कोण?" सुध्या.

"आवृत्तीचा आकडा घाला. दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती. नाहीतरी पहिलीच्या उरलेल्या प्रतींवर दुसरीचं कव्हर चढवणारे प्रकाशक मी पाहिलेत."

सुध्या चहाकडे बघायला लागला.

वैशाली एवढा वेळ शांत होती. ती 1996 पासून अक्षरजुळणी करते. सुध्याच्या वडिलांची अर्धी पुस्तकं तिच्या हातची. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "भांडा तुम्ही. पण आधी मजकूर आहे का तुमच्याकडे?"

"तुझ्याकडेच आहेत ना फाइली?"

"आहेत. पेजमेकरच्या, पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या. त्यांच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर अजून जपून ठेवलाय. त्यातल्या एका पुस्तकाचा मजकूर काढून आणलाय, बघ."

मक्याने उघडला. पडद्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, पौंडाच्या खुणा, स्वल्पविराम. मराठीचं नाव नाही. तेव्हाचे फॉन्ट असेच होते. कॉम्प्युटरच्या लेखी ते रोमन अक्षर, त्यावर 'क'चं चित्र डकवलेलं. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी 1991 पासूनच होती, पण छापखान्याला कागदावर नीट उमटण्याशी मतलब. शोध, फोनवर वाचन, अंधांना वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, यांतलं काही तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. मराठी पुस्तकांचा असा किती मजकूर पेटीत पडलाय कोण जाणे, आणि म्हणूनच आपल्याकडे ई-बुक म्हटलं की पीडीएफ पुढे येते. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो काढून भिंतीला लावल्यासारखं. फोनवर वाचायचं तर एका ओळीसाठी दोनदा डावी-उजवीकडे सरकवा.

"असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर असतात," मक्या म्हणाला आणि त्याने मजकूर एकातून फिरवला. मराठी उमटली. 'वर्ष'चं 'वषर्' झालं होतं, कारण जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो. ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप होते, म्हणून 'विहीर' काही ठिकाणी 'िवहीर' झाली होती, वेलांटीखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. दुसरा कन्व्हर्टर वापरला, ते बरंचसं सुधारलं. 'ल' मात्र हिंदी वळणाचा आला, तेव्हा मक्याने फाइलीच्या वरच्या ओळीत भाषेचा संकेत हिंदीचा काढून मराठीचा टाकला आणि 'ल' आपला झाला. वैशालीने पहिल्यांदा मान डोलावली.

"झालं की!" सुध्या म्हणाला. "पानामागे पैसे कशाचे मागतोय तो?"

आप्पांनी लॅपटॉप ओढून घेतला. लग्नघरातली कथा होती. चौथ्या परिच्छेदात ते थांबले. "'आचार्यांनी पहिला घाणा काढला.' आचार्य जिलब्या तळतायत?"

"कन्व्हर्टरने खाल्लं असेल," मक्या. "ऱ्य जरा अवघड असतो."

"कन्व्हर्टरचा दोष नाही," वैशाली हळूच म्हणाली. "माझ्या फाइलीतच तसं आहे."

सुध्या वर ऑफिसात जाऊन छापील प्रत घेऊन आला, 1999 ची. त्यात स्वच्छ 'आचाऱ्यांनी'. मला काही उमगेना. वैशालीने सांगितलं तेव्हा कळलं. आप्पांनी चूक पकडली तेव्हा पानं लागून, छपाईची प्लेट ज्यावरून करतात त्या बटर पेपरवर प्रिंट निघालेलं होतं. पुन्हा सगळं काढायला वेळ नव्हता. तिने तेवढा शब्द वेगळा काढला, कापला आणि चिकटवला. प्लेट त्यावरून झाली. फाइल तशीच राहिली.

"अशा किती पट्ट्या लावल्यास?" सुध्याने विचारलं.

"या पुस्तकात? सत्तावीस," उत्तर आप्पांनी दिलं. "इतर पुस्तकांचं घरी वहीत आहे."

सुध्याने सत्तावीस गुणिले तीस केलं असणार, कारण तो पायरीवर बसला. आम्ही तासभर ज्याच्यावर भांडत होतो, वेबवर ठेवायचं की पिशवीत घालायचं, ते पुस्तक मुळात फाइलीत नव्हतंच. फाइल पुस्तकापेक्षा जुनी होती. शेवटचं, दुरुस्त केलेलं पुस्तक फक्त कागदावर होतं. या वेळी मी कागदाबद्दल काही बोललो नाही.

"मुद्रितशोधनाचा दर काय चाललाय हल्ली?" आप्पांनी विचारलं. सुध्याने आकडा सांगितला. आप्पा हसले आणि म्हणाले, तो 2005 चा आहे. पण चष्मा पुसून त्यांनी छापील प्रत मांडीवर घेतली. "वैशाली, तू पडद्यावर बघ. मी वाचतो. पान एक."

आणि बोळात, स्कूटींच्या हॉर्नमध्ये, आप्पा जुन्या पद्धतीने वाचायला लागले. शब्द, स्वल्पविराम, शब्द, पहिली वेलांटी, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण, पूर्णविराम, नवा परिच्छेद. अमृततुल्यवाला शटर अर्धं ओढून ऐकत उभा राहिला. पान अकरावर मक्याच्या लॅपटॉपची बॅटरी संपली.